तागडीत तोललेली मेमरी

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात आण्णांनी पिशवीतून चांदी तोलायची छोटी तागडी काढली, तेव्हा दुकानदार माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी रस्त्याकडे बघितलं. आण्णांनी घरून आणलेली मेमरीची पट्टी एका पारड्यात ठेवली आणि जुन्या पट्ट्यांच्या ढिगातली एकेक दुसऱ्या पारड्यात टाकून बघू लागले. एकीला काटा मधोमध उभा राहिला. "ह्यो बघा जोड! भरा पिशवीत," आण्णा अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले.

आण्णा मूळचे हुपरीचे. जन्मभर पैंजण घडवलेले. जोडी तागडीत जुळली नाही तर मोडून परत घडवायची, हा त्यांचा शिरस्ता. बायको गेल्यावर मुलानं त्यांना आमच्या वरच्या मजल्यावर फ्लॅट घेऊन दिला आणि तो कॅनडाला परत गेला. फोनवर नातीचं तोंड नीट दिसत नाही, म्हणून आण्णांना मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर हवा होता. सुटे भाग आणून जोडण्यापेक्षा तयार घ्या म्हटलं तर खवळले. "तयार? मग हाताला काम काय? दिवसभर भिताडाकडं बघत बसू व्हय?"

मी कॉम्प्युटरचे क्लास घेतो, म्हणून त्यांचा मास्तर. राहतो मीही एकटाच.

घरी आल्यावर ती पट्टी बोर्डावर बसेचना. तिची खाच भलत्याच जागी होती. मी म्हटलं, "आण्णा, ही डीडीआर थ्री. तुमच्या बोर्डाला डीडीआर फोर लागते. वजन नाही बघायचं, पिढी बघायची, वेग बघायचा."

आण्णा खाचेवरून बोट फिरवत राहिले. "वजन जुळलंय की वो. आनि काय जुळायचं ऱ्हातंय?"

शेवटी एकाच पाकिटातली जोडी आणली आणि कॉम्प्युटर सुरू झाला. नात पडद्यावर मोठी दिसली, हात हलवून खेळायला पळाली. मुलाला ऑफिसला उशीर होत होता. आण्णा रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिले.

पुढच्या रविवारी जिन्यातून हाक आली, "मास्तर! मेमरी ढिली झालीया, वर या की!"

ती पट्टी चिमट्यांत बसते, आपोआप ढिली होत नाही. मी वर गेलो, ती दाबून बसवली. मग चहा झाला, हुपरीच्या गोष्टी झाल्या, बायको घुंगरू किती झरझर ओवायची ते झालं. त्यापुढच्या रविवारी मेमरी पुन्हा ढिली. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदा फक्त पट्टी दाबताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लई घट्ट बसवू नगा, मास्तर."

यंदा आण्णा झोपेतच गेले. मुलगा आला, फ्लॅट विकायला काढला, जाताना कॉम्प्युटर मला देऊन गेला. रविवारी मी तो लावून बसतो. वरच्या दाराला कुलूप आहे.

मेमरी अजून एकदाही ढिली झालेली नाही.