सह्या जाग्या करणारे काकाजी

दसऱ्याच्या सकाळी आमच्या गल्लीत जो तो आपलं पोट भरणारं यंत्र धुवायला काढतो. कोणाची स्कूटर, कोणाचा ट्रॅक्टर, पलीकडच्या जैस्वालांची पिठाची चक्की, सगळ्यांना झेंडूचे हार पडतात. आमच्या शेजारचे दत्तूकाकाजी मात्र ओसरीवर पांढरी चादर अंथरायचे आणि तिच्यावर हॉकीच्या स्टिका ओळीनं मांडायचे. एकेकीला हळद-कुंकू, अक्षता, वर फूल. पूजा आटोपली की चष्मा नाकाच्या टोकावर आणून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात दाबून ते काळा पेन हातात घेत, आणि त्या स्टिकांवरच्या फिक्या पडलेल्या सह्या गिरवत बसत. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "काकाजी, हे काय करून राह्यले?" मान वर न करता ते म्हणाले, "सह्या जाग्या करून राह्यलो, पोरी. सालभर झोपून राहतात ना त्या."

काकाजी सिंचाई विभागात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते. आमचं गाव भोपाळच्या राज्यातलं, तेव्हा बाहेर सगळा कारभार हिंदीत, घरात मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. अंगानं इतके किडकिडीत की मैदानावर त्यांना धावताना कोणी पाहिलेलं नाही. तरी गावात हॉकीची स्पर्धा भरली की त्यांच्याशिवाय पान हलत नसे, कारण बाहेरून आलेल्या संघांची राहण्या-जेवण्याची व्यवस्था त्यांच्याकडे असे. कोण जिंकलं, कोण हरलं ही बातमी घेऊन कोणी धावत आलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ते राहू दे. जेवले का ते सांग पयले." ते म्हणत, "खेळणारे खेळतात. पन त्याहिले जेवू घालाची बी एक टीम लागते. त्या टीमचा मी कॅप्टन हाव." त्यांची कॉलर ताठ व्हायची ती एवढं बोलतानाच.

स्पर्धा संपली की ते खेळाडूंपाशी जाऊन मोडकी, तडकलेली स्टिक मागून घेत आणि तिच्यावर सही करवून घेत. यातले काही जण पुढे भारताकडून खेळले, काही आधीच खेळून आलेले होते. असं करत करत मागची एक खोली भरली. या खोलीत नेऊन ते पाहुण्यांना एकेक स्टिक हातात देत. कोपऱ्यात कुणीतरी मागे टाकून गेलेली, सही नसलेली एक स्टिक होती; ती पाहून लोक हमखास म्हणत, ही अमक्या मोठ्या खेळाडूचीच असणार, सांगून टाका तसं, कोण विचारतंय? काकाजी ती स्टिक त्यांच्या हातातून काढून घ्यायचे. "मले माहीत नाही कोनाची आहे. खोटं कायले सांगू?" मला तेव्हा हा माणूस अंमळ खुळाच वाटे. एवढी साधी गंमतही ज्याला जमत नाही, त्यानं संग्रह कशाला करावा!

काकूजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या खोलीला 'माह्या पाटल्या' म्हणत. त्याला कारण होतं. माझ्या जन्माआधीची गोष्ट. एका वर्षी देणगी कबूल केलेल्यांनी ऐनवेळी हात वर केले, आणि दूर पूर्वेच्या छोटा नागपूर पठाराकडून आलेली पोरांची एक टीम इथं अडकून पडली. खायला नाही, परतीच्या तिकिटाला पैसे नाहीत. काकाजी डोकं धरून बसले तेव्हा काकूजींनी हातातल्या पाटल्या उतरवून त्यांच्यापुढे ठेवल्या. कटंगीच्या माहेरून आलेल्या, आईच्या हातातल्या पाटल्या होत्या त्या. गहाण पडल्या त्या पडल्याच. ते मनाला लावून घेऊन काकाजी म्हणाले होते, "ह्या खोलीत तुह्या पाटल्याच ठेवल्या हायेत असं समज. एक दिवस ह्या स्टिका सोन्याच्या भावानं जातीन." तेव्हापासून घरात झाडलोट निघाली, की काकूजी स्वयंपाकघरातून ओरडत, "अवो, माह्या पाटल्यांवर धूळ बसली, पुसून घ्या जरा!" आणि दोघंही हसत. हे हसू मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की त्या पाटल्यांचं कोणाला खरोखर दुःख असेल असं मला कधी वाटलंच नाही.

मग काकूजींना विसर पडू लागला. आधी गॅस, मग नावं, मग दिवस. पाटल्या दिल्याचंही त्या विसरल्या, पण पाटल्या होत्या हे विसरल्या नाहीत. मनगटं चाचपत दिवसभर घर उसकटायच्या. तांदळाच्या डब्यात हात, गादीखाली हात. एकदा त्यांनी कामवाल्या सेवंताबाईवर आळ घेतला. इतक्या वर्षांची बाई, पदर डोळ्याला लावून निघून गेली. काकाजींनी तिच्या घरी जाऊन हात जोडले तेव्हा कुठे ती परत आली. आणि एका दुपारी काकूजींनी मला जवळ बोलावून कानात सांगितलं, "शोभा, चोर घरातच आहे वं. तो म्हतारा पाह्य, तो. त्याच्यावर ध्यान ठेव." काकाजी दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकलं, आणि हातातला चहा तसाच घेऊन आत परत गेले. त्यांच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. "तू मोबाइलवर तुही शिलाई मशीन विकली होती ना? तसंच ह्या स्टिकांचं कर. मले तिच्या पाटल्या आनाच्या हायेत." त्यांचा मुलगा भोपाळला असतो. मी म्हटलं, दादाला सांगा, तो पैसे पाठवील. ते एकदम तडकले. "त्यानं काहून पाठवाचे? पाटल्या त्यानं नेल्या होत्या का? मी नेल्या." विषय संपला.

आम्ही ओसरीवर त्याच पांढऱ्या चादरीवर फोटो काढले. मजकूर सांगतानाही त्यांचा तोच आग्रह: हे पक्कं आहे, लिही, हे ऐकीव आहे, नको लिहू. किंमत त्यांनी सांगितली ती मी दोनदा विचारून घेतली. पण कुठे कुठे जुन्या बॅटी लाखांनी गेल्याचं त्यांनी पेपरात वाचलं होतं, आणि वाद घालावा असा तो दिवस नव्हता.

मग निरोप यायला लागले. 'लास्ट प्राइस बोलो.' 'अंकल, इतने में तो नयी आ जाएगी.' 'बच्चे के खेलने लायक है क्या?' एकानं विचारलं, 'ये हल्दी काहे लगी है, टोना-टोटका है क्या?' मी चिडून फोन आपटायच्या बेतात, तर काकाजी शांतपणे सांगतायत, "लिही त्याले, दसऱ्याची हाय म्हनून." रोज सकाळी ते माझ्या फाटकाशी येऊन उभे राहत. विचारत काही नसत. मी मान हलवली की जात. आणि पलीकडच्या घरातून डबे आपटल्याचे आवाज येतच असत.

शेवटी इंदूरच्या एका खऱ्या संग्राहकाचा फोन आला. जाणकार माणूस, बोलणं अदबीचं. व्हिडिओवर त्यानं एकेक सही जवळून दाखवायला सांगितली. काकाजी नवा सदरा घालून बसले होते. चौथ्या-पाचव्या स्टिकेला त्यानं सही आणखी जवळ धरायला लावली. मग म्हणाला, "दादाजी, इन पर किसी ने बाद में पेन चलाया है." काकाजी उत्साहानं म्हणाले, "हां, मैंने ही. हर दशहरे को. नहीं तो मिट जातीं." मग त्यानं समजावून सांगितलं, की जाणकार माणूस फिकी सही घेतो, अर्धवट पुसलेली घेतो, पण दुसऱ्याचा हात लागलेली सही ही सहीच राहत नाही. या स्टिकांची किंमत आता लाकडाची. मला त्या माणसाचा भयंकर राग आला, आणि तो बरोबर बोलतोय हे कळत होतं म्हणून अधिकच आला.

फोन बंद झाल्यावर काकाजी मांडीवरच्या स्टिकेवरून अंगठा फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "म्हंजे शोभा, मी जागं करून राह्यलो म्हनत होतो, आन् दरसाली थोडं थोडं मिटवूनच राह्यलो होतो का?" मी शाळेत शिकवते, पोरांच्या कसल्याही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असतं. त्या दिवशी मी नुसत्या स्टिका उचलून खोलीत नेऊन ठेवल्या.

कोणीतरी आमच्या जाहिरातीखाली लिहिलं, 'नकली माल, सावधान.' दुसऱ्यानं 'फ्रॉड बुड्ढा' लिहिलं. मी त्यांच्याशी भांडले, हिंदीत जेवढं भांडता येतं तेवढं भांडले. तर जाहिरातच काढून टाकली गेली. गावात ही गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. पानठेल्यावर एक जण हसत म्हणाला, "क्या काकाजी, हमारे नाम की भी एक साइन मार दो." इतकी वर्षं या गावात ज्यांच्या शब्दावर संघ येऊन उतरत, ते काकाजी त्यानंतर पानठेल्याकडे फिरकले नाहीत.

अखेर गोंदियाचा एक ढाबेवाला टेम्पो घेऊन आला. त्याला भिंतीवर लावायला जुन्या स्टिका हव्या होत्या. "सह्यांचं आमाले काय कराचं, काकाजी? वरून वार्निश मारून टाकतो, झकास दिसतात." काकाजींनी एकही मागे ठेवली नाही. मिळालेल्या पैशांत सोन्याची बारीकशी अंगठीसुद्धा झाली नसती; सराफानं त्यांना तसं तोंडावर सांगितलं. तेव्हा त्यांनी एक ग्रॅमवाल्या, वरून सोन्याचं पाणी दिलेल्या पाटल्या घेतल्या. पेटीत घालून, लाल कागदासकट आणल्या.

मी तिथंच होते. काकूजींनी पाटल्या हातात घेतल्या, तळहातावर तोलल्या. सकाळचं जेवण आठवत नव्हतं त्या बाईला. पण वजन आठवत होतं. "ह्या माह्या नोहोत," त्या म्हणाल्या आणि पेटी काकाजींच्या मांडीवर ठेवून पुन्हा तांदळाच्या डब्याकडे गेल्या.

मग काकाजींनी त्यांना हाताला धरून खाटेवर बसवलं आणि सगळं खरं सांगितलं. टीम कशी अडकली, पोरं कशी उपाशी होती, तिनं स्वतः पाटल्या कशा काढून दिल्या. काकूजी लहान मुलीसारख्या ऐकत होत्या. "मी देल्या?" "हौ, तूनंच देल्या." त्यांना ते आवडलं. जरा विचार करून त्यांनी विचारलं, "मंग जिंकले का ते पोरं?" काकाजी म्हणाले, "नाही वं. पयल्याच मॅचमध्ये हारले." तशा काकूजी उसळल्या. "हारले? हारनाऱ्याले माह्या पाटल्या देल्या तुमी? जा, वापस घेऊन या!" आणि रडू लागल्या, त्या कशानंच थांबेनात. सेवंताबाईनं पाठीवरून हात फिरवला, मी पाणी दिलं, काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पाटल्या विचारल्या. काकाजींनी पुन्हा सगळं सांगितलं. "मंग जिंकले का ते?" कोपऱ्यातल्या त्या एका स्टिकेबद्दल उभ्या जन्मात जो माणूस एक थाप मारायला तयार झाला नाही, तो म्हणाला, "हौ. जिंकले." काकूजी समाधानानं म्हणाल्या, "मंग ठीक आहे," आणि उशीवर डोकं टेकून झोपल्या.

त्यानंतर रोज हेच. फाटकाशी भेटले तेव्हा मी सहज म्हटलं, "बरं झालं काकाजी, काकूजी शांत झाल्या." ते म्हणाले, "शांत झाली, हौ. पन मले रोज लाज वाटते, शोभा. मोबाइलवाले मले फ्रॉड म्हनतात, ते खरं करून राह्यलो मी." मी त्यांना झापलं, की असलं काही बोलायचं नाही, हे खोटं त्यात मोडत नाही. ते हसले, पण पटल्यासारखे नाही.

या हिवाळ्यात ते गेले. सकाळचा चहा झाला, ओसरीवरच्या खुर्चीत बसले, ते तसेच. काकूजींना आम्ही सांगितलं. त्या रडल्या, आणि संध्याकाळी ते जेवले का म्हणून विचारू लागल्या. आता सेवंताबाई दिवसा असते आणि शाळेतून आल्यावर मी जाते.

परवा मी गेले तर त्या मनगटं चाचपत बसल्या होत्या. "शोभा, माह्या पाटल्या कुठं गेल्या वं?" काकाजी सांगत तशीच मी गोष्ट सांगितली. पोरं, भूक, परतीचं तिकीट.

"मंग? जिंकले का ते पोरं?"

"हौ काकूजी. जिंकले."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. त्या दिवशी त्यांचं डोकं कुठेतरी लख्ख होतं. "तू तं तवा जन्मली बी नव्हती. तुले कोनं सांगितलं?"

"काकाजींनी."

त्यांचे हात मांडीवर स्थिरावले. "मंग खरंच असंन," त्या म्हणाल्या. "ते खोटं नाही बोलत."