इस्तारीभाऊंचं टाकं

इस्तारीभाऊ आठवड्यातून दोनदा ऊर्जानगरच्या क्वार्टरांत मासळी पोचवायचे. बारा वर्षांत एकदाही शिळा मासा दिला नाही, यापलीकडे त्यांच्या नावावर विशेष काही जमा नव्हतं. म्हणूनच असेल, बदली झाल्यावर तिथल्या ज्योत्स्ना मॅडमनी आपलं कासव त्यांच्या हवाली केलं. वीतभर, पाठीवर पिवळ्या चांदण्या. असं कासव पाळणं कायद्यात बसत नाही. मॅडमच्या बाल्कनीत मात्र ते सात वर्षं बसलं होतं.

"फ्लॅट मिळाला की घेऊन जाईन. तोवर जपा, भाऊ. नीटसं घर तेवढं करून द्या. बाकी तुम्हाला मी काय सांगणार?"

"पान्यातल्या जिवाचं आमाले नका सांगू बाई," भाऊ हसून म्हणाले. मॅडमही हसल्या. त्यांचं लक्ष ट्रकमध्ये चढणाऱ्या फ्रिजकडे होतं.

भाऊंनी घर शोधायला घेतलं. चंद्रपूरच्या दुकानात काचेची पेटी होती, आत दिवा, प्लास्टिकची झाडं. "याच्यात त्याले वळता तरी येते का?" असं दुकानदारालाच विचारून ते परतले. भंगारातला कूलर बरा वाटला, पण पत्रा गंजलेला. मासळीचा थर्माकोलचा डबा त्यांनी स्वतःच बाद केला. त्यात मेलेलेच ठेवतात.

शेवटी परसातलं सिमेंटचं टाकं उरलं. गिऱ्हाइकांना जिवंत मरळ लागते, ती त्यात सोडलेली असे. भाऊंनी मरळ काढली, शेवाळ घासलं, तलावाचं पाणी कमरेपर्यंत भरलं, वर मांजरासाठी जाळं ताणलं. असं घर त्यांनी स्वतःसाठीही बांधलं नव्हतं. सकाळी त्यांनी कासव आत सोडलं.

"हे पोहून काऊन नाई राह्यलं जी?" त्यांच्या बायकोनं, प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"नवी जागा हाय. लाजते."

"नुसतं भिंतीले पाय मारून राह्यलं."

"तू लग्न होऊन आली तवा काय करत होती? सवय होते."

ते जाळी काढायला तलावावर गेले. दुपारी आले तेव्हा कासव तळाशी होतं आणि पाय मारत नव्हतं.

फोन त्यांनी स्वतःच लावला. "बाई, कासव गेलं. टाक्यात सोडलं होतं, पान्यात."

"पाण्यात? अहो, ते जमिनीवरचं कासव! त्याला पोहता येत नाही."

"आमच्या जाळ्यात तसं कधी आलं नाई, बाई."

मॅडम रडल्या, मग सावरून म्हणाल्या, कुणाला सांगू नका.

भाऊंनी परसात खड्डा खणला. पुरण्याआधी कासवाला खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसलं. पाठ, पोट, मग एकेक पाय, पार कोरडं होईपर्यंत. प्रेमिलाबाई फावडं धरून उभ्या होत्या. त्यांनी घाई केली नाही.