लिटल रोझीत बाई नको

यूरे बेनिचचं आयुष्य लिटल रोझीच्या पोटात गेलं, आणि त्याच्या बायकोचं, बार्बराचं, लिटल रोझीच्या तोंडाशी डबा घेऊन उभं राहण्यात. लिटल रोझी म्हणजे मर्सी गावची चांदीची खाण. नाव बाईचं, पण आत बाईने पाऊल टाकलं की डोंगर बिथरतो आणि छत खाली येतं, हा तिथला कायदा. तो कोणी लिहून ठेवला नव्हता, त्यामुळे मोडायची सोय नव्हती. लग्नाच्या वर्षीच बार्बरा म्हणाली होती, "मला एकदा आत बघायचंय." यूरेने डबा घेतला आणि पाठ फिरवली. पुढे ती दर वर्षी विचारत राहिली आणि तो दर वर्षी पाठ फिरवत राहिला.

मग चांदीचा भाव कोसळला आणि खाणीला टाळं लागलं. कोलोरॅडोच्या त्या दरीत बर्फाशिवाय काही उरलं नाही, आणि छपरावरून तो उपसून उपसून गावाला बर्फाची शिसारी आली होती. अशात डेन्व्हरहून प्रेस्टन नावाचा एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस आला आणि म्हणाला, याच बर्फावरून घसरायला लोक लांबून येतील. उंचीवरची हवा याच्या डोक्यात गेली, असं गावाला वाटलं. पण लोक आले. भडक रंगाचे कपडे घालून वर जायचे, घसरत खाली यायचे आणि परत वर जायचे. ज्यांनी जन्मभर ती चढण पोटासाठी चढली, त्यांना हसावं की रडावं कळेना.

पाहुण्यांना डोंगरावर नेणारे तारेवरचे पाळणे अजून बसायचे होते. तोवर खाणीचीच विजेवरची छोटी गाडी पाहुण्यांना बोगद्यातून आत नेई, आणि तिथून जुना लोखंडी पिंजरा त्यांना वरच्या उतारावर काढी. गाडीवर यूरेला नेमलं. म्हाताऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. पहिल्या सकाळी टोपी झटकून बाहेर येऊन बघतो तो काय, रांगेत निम्म्या बायका.

"या नाही जायच्या," यूरे म्हणाला.

"का बरं?" प्रेस्टनने विचारलं.

"डोंगराला चालत नाही."

"डोंगराचं मी बघतो. तुम्ही गाडी काढा, नाहीतर चावी इकडे द्या."

चावी देणं म्हणजे घरी बसणं. यूरेने बराच वेळ डोकं खाजवलं. आत जाणाऱ्याचं नाव बोगद्याच्या तोंडाशी मोठ्याने पुकारायचं, म्हणजे कोण आलंय ते डोंगराला कळतं, अशी खाणीची जुनी रीत होती. त्यातच त्याला वाट सापडली. त्याने पहिल्या बाईला नाव विचारलं.

"सूझन."

"आजपासून स्टीव्ह. टोपी कानांवर ओढा, चष्मा लावा आणि आत तोंडातून शब्द काढू नका." मग बोगद्याकडे वळून तो ओरडला, "स्टीव्ह येतोय!"

गाडी गेली आणि धडधाकट परत आली. डोंगराने काही ओळखलं नाही. बायकांना तर हा प्रकार इतका आवडला, की आठवड्याभरात त्या नावांवरून भांडू लागल्या. शिकागोच्या एका न्यायाधीशाची बायको फ्रँक हे नाव सोडायलाच तयार नव्हती. प्रेस्टनने जाहिरातीत सगळं छापून टाकलं.

हे बार्बराच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार? एका सकाळी, डोक्याला रुमाल बांधून आणि हातात डबा घेऊन, ती रांगेत उभी राहिली.

"नाव?" यूरेने सवयीने विचारलं आणि मान वर केली.

"तुझ्याच घरात राहते मी, म्हाताऱ्या."

"तू घरी जा."

"शिकागोच्या बायका जातात. मीच काय घोडं मारलंय?"

यूरेने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बरं. योसिप हो. योसिप चांगलं नाव आहे, माझ्या आज्याचं."

"तुझे सदरे योसिपने धुतले का रे? इतकी वर्षं हा डोंगर मी तुझ्या सदऱ्यांतून पिळून काढलाय. तो ओळखतो मला. माझ्या नावाने पुकार." मग तिने बोगद्याच्या दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. तिथे खाणकामगारांची राखण करणाऱ्या संत बार्बराची तसबीर होती. यूरे रोज तिच्यापुढे टोपी काढायचा. "आणि हिला काय म्हणतोस? स्टीव्ह?"

रांगेतले सगळे स्टीव्ह आणि फ्रँक खो खो हसले. रांग अडलेली बघून प्रेस्टन पुढे आला आणि त्याने चावीसाठी हात पुढे केला.

यूरेला हसू येत नव्हतं. परक्या बायकांसाठी त्याने डोंगराच्या डोळ्यांत धूळ फेकली होती, पण आज हिच्यावरच छत आलं तर? शेवटी तो बोगद्याकडे वळला.

"बार्बरा येतेय," तो म्हणाला. "माझी बायको आहे. सांभाळ."

ती पुढे त्याच्या शेजारी बसली, डबा मांडीवर ठेवून. गाडी आत शिरली. छतातून पाणी गळत होतं आणि जुने खांब शेवाळले होते. बार्बराने सगळं बारकाईने न्याहाळलं.

"इथे कधी कोणी केरसुणी फिरवली नाही वाटतं," ती म्हणाली.

अर्ध्या वाटेत वीज गेली. ती बऱ्याचदा जायची. गाडी थांबली, दिवे विझले, आणि मागे कोणा फ्रँकने बारीक आवाजात किंकाळी फोडली. बाकीचे हसले. बार्बराला मात्र शेजारी धाप लागल्यासारखा श्वास ऐकू आला. तिने चाचपून यूरेचा हात धरला. तो घामाने ओला होता.

"काय होतंय?"

"काही नाही. अंधार झाला की होतं असं."

"आजच?"

"रोज."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," यूरे हळूच म्हणाला. "तू बघितलं असतंस तर दुसऱ्या दिवशी मला येऊ दिलं नसतंस."

डबा हातात देऊन ती ज्या माणसाची पाठ बघत उभी राहायची, तो रोज असा आत यायचा.

दिवे आले. मागे माणसं होती, म्हणून यूरे हात सोडवून घेऊ लागला. तिने सोडला नाही.

"एका हाताने चालव," बार्बरा म्हणाली.