देवचाराचा रोट

लग्नानंतर वर्षभरात माझी झोप उडाली आणि सासरी, डिचोलीकडच्या त्या गावात, ठरूनच गेलं की हिला देवचार लागला. देवचार म्हणजे आमच्याकडे गावाची सीम राखणारा. रात्री काठी आपटत फिरतो, वाटेत कोणी आलं तर झोप नेतो म्हणतात. नवऱ्याने स्वतः जाऊन देवळात कौल घेतला, सीमेवर रोट ठेवला, वर चिरूटही ठेवला. शेजारच्या बायका म्हणायच्या, "नशीबवान गो तू! असला घोव दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही."

देवचार कसला, डोंबल! मला उठवायचा तो हाच. डोळा लागला की खांदा हलवायचा. "उठ. दुपारी आईसमोर हसलीस ती कोणाला?" उत्तर दिलं तर खोटं, गप्प बसले तर माज. मी रडू लागले की पाठ फिरवून घोरायचा. सकाळी दारात पोदेराकडून पाव घेताना शेजारणीला सांगायचा, "रात्रभर बसून असते बिचारी." मी विचारलं तर डोळे मोठे करायचा, "मी? मी कधी उठवलं? स्वप्न पडलं असेल." इतक्या मायेने म्हणायचा, की शेवटी मलाच वाटू लागलं, देवचारच ह्याचं रूप घेऊन येत असेल. त्या रोटाचं पीठ मीच मळलं होतं.

माहेरी पेडण्याला गेले, तर दुपारी जेवून आडवी झाले ती मेल्यासारखी झोपले. मासळीवाली ओरडून गेली, तरी हलले नाही. मग एकदम उठून बसले, घाईघाईने केस सारखे करत. आई तांदूळ पाखडत होती. "काय झालं गो?" ती विचारतेय तोवर वळणावर त्याची स्कूटर दिसली.

आईने माझ्याकडे बघितलं, मग स्कूटरकडे. सूप खाली ठेवलं.

"आडवी हो. डोळे मीट," एवढंच म्हणाली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली.

"आई, तिला उठवा. न्यायला आलोय." तोच गोड आवाज.

"निजलीहा ती. तिका उठवूची नाय."

"तिला झोप लागतच नाही हो. तुम्हांला कल्पना नाही."

"हय, माझ्या घरात लागता," आई म्हणाली.

स्कूटर परत गेली. मी टक्क जागी होते, चादर तोंडात कोंबून. त्या घरी मी पुन्हा गेले नाही.

आता तो वारला त्यालाही वर्षं झाली. तरी दुपारी दारापुढे कोणाची स्कूटर थांबते आणि मी उठून बसते, उत्तर तयार ठेवून. उंबऱ्यावर आता आई नाही. मग मीच दाराकडे तोंड करून म्हणते, "निजलीहा ती."