जुना मजकूर काढायचा नाही!

"जुना मजकूर काढायचा नाही. नवीन असेल ते खाली जोडायचं. आणि काहून म्हणून विचारायचं नाही!"

हिंगोलीतल्या एका सरकारी ऑफिसात वेबसाइटचा मजकूर लिहायला मी कंत्राटावर लागले, त्या पहिल्याच दिवशी साळवे काकांनी हा नियम सांगितला. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने क्लार्क. या एका नियमानं इतके किस्से दिलेत, की मैत्रिणी चहा सांगायच्या आधीच विचारतात, "आज काय जोडलं गं?"

*

होम पेजवर लाल अक्षरात 'नवीन' असं लुकलुकायचं. उघडलं, तर शाळकरी मुलांचं दंततपासणी शिबिर!

"काका, यातली लेकरं आता लग्नाला आली!"

"मग त्यांच्या लेकरांना कामी येईल की."

*

'साहेबांचा संदेश' या पानावर एकाखाली एक तीन साहेब. तिघंही म्हणतात, 'मी नुकताच कार्यभार स्वीकारला आहे.'

जवळा बाजारच्या एकानं सगळ्यात वरच्या साहेबांच्या नंबरवर फोन लावून तक्रार सांगितली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतली अन् म्हणाले, "बाबा, मी रिटायर झालो. सोयाबीन काढून राहिलो!"

*

मी एकदा लिहिलं, 'आधार कार्ड आणि दोन फोटो आणा.' आताच्या साहेबांकडून दुरुस्त होऊन आलं, 'अर्जदाराने विहित कागदपत्रांसह व्यक्तिशः उपस्थित राहणे क्रमप्राप्त राहील.'

"साहेब, फोटो कुठं गेले?"

"विहितमध्ये आले ना!"

"लोकांना कळेल?"

"नाही कळलं तर येतील की विचारायला!"

*

येतातच. दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणी आधी सोमवारी असायची, आता बुधवारी असते. पानावर सोमवार सगळ्यात वर, बुधवार पार तळाशी. त्यामुळे दर सोमवारी आमच्या दारातला बाक गच्च! काका प्रत्येकाला सुनावणार, "खाली लिहिलंय ना!"

एका सोमवारी गोरेगावकडच्या तांड्यावरून एक बाई आल्या. कडेवर चांगलं मोठं पोरगं, त्याला चालता येत नव्हतं. दोन जीपा बदलून आलेल्या. मी म्हटलं, "बुधवारी यावं लागंल."

"ताई, मोबाइलवर तर सोमवारच व्हता. ते तुमच्याच हापिसाचं ना?"

मला 'व्हय' म्हणावं लागलं.

*

त्याच दिवशी मी ते अख्खं पान पुसलं आणि तीन ओळी ठेवल्या. 'तपासणी दर बुधवारी सकाळी दहाला. आधार कार्ड आणि दोन फोटो आणा. सोमवारी येऊ नका.'

कित्येक आठवडे कुणाला पत्ताच नाही. आमची साइट आमच्या ऑफिसात कोण वाचतं!

शेवटी एकदा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. काका शेजारीच उभे.

"जुना मजकूर आजच्या आज परत टाका. नाहीतर तुमचं कंत्राट वाढवायचं का, ते बघावं लागेल."

"टाक की पोरी," काका म्हणाले. "तुला काय तकलीफ आहे?"

"साहेब, आज वार कोणता?"

"सोमवार. का?"

मी केबिनचं दार सताड उघडलं. समोर दारातला बाक रिकामा होता.

"न्हाई टाकणार," मी म्हटलं.

साहेबांनी काकांकडं पाहिलं. काकांनी बाकाकडं.