एकुलते एक श्रोते

कविता संपली की आमच्या मंडळात सगळे एकदम 'वाहवा' म्हणायचे. तसा नियमच होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून काटेकोर पाळला जायचा. या रविवारी मी तुझ्या कवितेला मान डोलवायची, पुढच्या रविवारी तू माझ्या. या परस्पर सहकार्यावर उज्जैनचं मराठी काव्य जोमाने वाढत होतं. एकच माणूस 'वाहवा' म्हणत नसे. सगळ्यांचा गलका ओसरला की भिंतीशी मांडी घालून बसलेले अण्णा कवीकडे बघून शांतपणे विचारायचे, "मग?"

या प्रश्नाने कवी गडबडायचा. कविता संपलेली असायची, टाळी मिळालेली असायची, चष्मा घडी करून खिशात गेलेला असायचा. आणि समोर हा माणूस, लहान मूल गोष्ट ऐकताना विचारतं तसं "मग?" विचारून पुढच्या भागाची वाट बघत बसलेला.

आमचं मंडळ फ्रीगंज भागात, घड्याळाच्या टॉवरजवळ एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत भरायचं. खोली वकीलसाहेबांची, म्हणून अध्यक्षही वकीलसाहेब. बाकी आम्ही शाळामास्तर, रेल्वेतले, बँकेतले, सरकारी दफ्तरातले कारकून, आणि माझ्यासारखे एकदोन विद्यार्थी. सगळे कवी. श्रोता म्हणून कुणाला बोलावलं तर तो पुढच्या वेळी कविता घेऊन यायचा. अण्णाही ऐकायला म्हणून आलेच नव्हते. घरी मुलीच्या बारशाला सतरंजी हवी होती, ती मागायला ते जिना चढले. सतरंजीवर आम्ही बसलो होतो आणि वकीलसाहेबांची कविता चालू होती. ती संपेपर्यंत थांबावं म्हणून अण्णा कडेला मांडी घालून बसले. बारसं झालं, सतरंजी परत आली, पण अण्णा दर रविवारी येतच राहिले. "मला कवितेतलं काही कळत नाही हो," ते म्हणायचे. "माणूस काहीतरी सांगायला बसलाय, एवढं कळतं. मधेच थांबला तर विचारायला नको?"

खालच्या शिंप्यालाही आमच्या काव्याचा लळा होता. वरून करुणरस उतरायला लागला की तो मशीन थांबवून जिन्यात येणाऱ्याला विचारायचा, "भाईसाब, आज ऊपर किसका इंतकाल हो गया?" पण तो बिचारा अशिक्षित समीक्षक. अण्णा सरकारी दफ्तरात जुन्या फायली सांभाळायचे, चांगले मॅट्रिक झालेले होते; त्यांच्याकडून जास्त अपेक्षा होती.

एकदा वकीलसाहेबांनी विरहावर दीर्घकविता वाचली. त्यात रिकामा गाभारा होता, विझलेला दीप होता, आणि क्षिप्रेच्या काठी एकटाच उभा असलेला एक घाटही होता. आम्ही वाहवा केली.

"मग?" अण्णांनी विचारलं.

"मग काय अण्णा? विरह आहे. तो संपत नसतो."

"किती दिवस झाले?"

वकीलसाहेबांनी या प्रश्नाकडे अध्यक्षपदाला शोभेल असं दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा डबा घेऊन त्यांच्या दारात. "वहिनी माहेरी गेल्यात ना? हिने पोळी-भाजी दिलीय."

"अण्णा, माझ्या कवितेतला विरह हा विश्वाचा विरह आहे. त्याचा आमच्या हिच्याशी काही संबंध नाही."

"नसेल ना साहेब. पण पोळ्या गरम आहेत."

वकीलसाहेबांनी साहित्याचा हा अपमान सगळ्या पोळ्या संपवून गिळला. पुढच्याच आठवड्यात वहिनी इंदूरहून परत आल्या. त्यांची समजूत घालायला अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या होत्या, हे आम्हाला फार नंतर कळलं. विश्वाचा विरह मात्र तिथेच थांबला. त्या कवितेचा दुसरा भाग कधी आला नाही.

मोघे मास्तरांचं तर अण्णांनी कायमचं नुकसान केलं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि मंडळात अंधारावर लिहायचे. माणसांचे चेहरे एकमेकांत मिसळत आहेत, दिव्यांभोवती धुरकट वलयं दाटली आहेत, युगाचा सूर्य मावळला आहे, असं ते वाचत, तेव्हा आमच्या अंगावर काटा यायचा. अशा एका कवितेनंतर अण्णांनी विचारलं, "मग? वलयं कधीपासून दिसतात?"

"अण्णा, ते प्रतीक आहे!"

"हो ना. पण डाव्या डोळ्याला जास्त की उजव्या?"

सगळे हसले. मास्तर लालबुंद झाले. पण दुसऱ्या दिवशी ते अण्णांबरोबर टांग्यात बसून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, कारण अण्णा टांगाच घेऊन आले होते आणि घोडा शाळेच्या फाटकातून हलायला तयार नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, मास्तरांना लख्ख दिसायला लागलं, आणि त्यानंतर त्यांनी फुलपाखरांवर लिहायला घेतलं. मंडळातला एक उत्तम निराशावादी कवी अण्णांनी असा वाया घालवला.

माझी पाळी आली तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या तोंडावर होतो. आमचं गाव तराना. बाबा तिथल्या कचेरीत चपरासी. कचेरीत कागद उतरवून काढणाऱ्या नक्कलनवीसाची जागा रिकामी होणार होती आणि साहेबांनी बाबांना शब्द दिला होता की मुलाला चिकटवून घेऊ. बाबांचा निरोप आला: पुस्तकं गुंडाळ आणि ये. मी कुणाला काही बोललो नाही. बोलायचं कसं, ते मंडळात शिकलो नव्हतो. मी कविता केली. तिच्यात एक पक्षी होता, त्याचे पंख कापलेले होते, आणि वर आभाळ उगाचच निळं होतं.

"वाहवा," मंडळ म्हणालं.

"मग?" अण्णा म्हणाले.

"मग काही नाही. पंख कापलेत."

"कुणी कापले?"

मी खाली बघितलं. वकीलसाहेब म्हणाले, "नियतीने, अण्णा. अजून कोण कापणार?" मंडळ उठल्यावर जिन्यात अण्णांनी मला हळूच विचारलं, "काय कवी, गाव कुठलं म्हणालास?"

पुढच्या रविवारी अण्णा मंडळात आले नाहीत. ते तरान्याच्या मोटारीत होते. ती भेट मी पाहिली नाही. बाबांनी आईला सांगितलं, ते मी तिच्या तोंडून ऐकलं. "अगं, तो माणूस काही बोललाच नाही," बाबा म्हणाले होते. "बिलकुल नाही. मला वाटलं शिक्षणाचं महत्त्व सांगेल, मी जवाब तयार ठेवला होता. तर तो ओसरीवर मांडी घालून बसला. मी म्हटलं, जागा पक्की आहे. म्हणे, मग? म्हटलं, दर महिन्याचा पगार येईल. म्हणे, मग? मी बोलत गेलो. बोलता बोलता कुठल्या कुठे गेलो. मला चौथीतून काढलं तेव्हा मी विहिरीमागे जाऊन रडलो होतो, ते तुला तरी कधी सांगितलं का मी? त्याला सांगून बसलो. साहेबांचे कागद जन्मभर हातात घेतले, त्यात काय लिहिलंय ते कळलं नाही, तेही सांगितलं. तरी त्याचं आपलं मग? म्हटलं, मग काय! शिकू दे पोराला."

आमच्या घरात पदवी आली ती अशी. पुढे पदवीदानाच्या भाषणात मोठ्या लोकांनी ज्ञानाचा दिवा, गुरूंची परंपरा वगैरेंचे आभार मानले. एका मॅट्रिक झालेल्या कारकुनाच्या एका शब्दाचा उल्लेख कुणी केला नाही.

त्या काळात देशाचा नकाशा पुन्हा पुन्हा आखला जात होता. आधी ग्वाल्हेरचं संस्थान गेलं आणि मध्यभारत आला. मध्यभारताची सवय होते न होते तोच तोही गेला आणि मध्यप्रदेश आला. घर न बदलता आम्ही तीन राज्यांत राहून घेतलं. मराठी माणसांचं वेगळं राज्य होणार, अशाही बातम्या दक्षिणेकडून यायच्या. त्या राज्याच्या कुठल्याच नकाशात आम्ही नव्हतो, पण त्याच्यावर मंडळात कविता भरपूर झाल्या. अण्णा त्याही ऐकायचे आणि विचारायचे, "मग? आपण कुठे?" यावर वकीलसाहेब घाईने पुढच्या कवीचं नाव पुकारायचे.

मग राजधानी भोपाळला गेली आणि अण्णांचा तबादला आला, तोही भोपाळलाच.

मंडळावर आकाश कोसळलं. वकीलसाहेबांनी स्वतः अर्ज लिहिला: सदर इसम हे मंडळाचे एकमेव श्रोते असून त्यांच्या जाण्याने प्रांतातील मराठी काव्याची अपरिमित हानी होईल. आम्ही तो घेऊन अण्णांच्या साहेबांकडे गेलो. साहेब हिंदीभाषक आणि सज्जन होते. त्यांनी अर्ज समजावून घेतला आणि म्हणाले, "तो आप लोग एक-दूसरे की सुन लीजिए ना।" ही सूचना अव्यवहार्य आहे, यावर परत येताना रस्त्यात मंडळाचं एकमत झालं. दुसऱ्या कुठल्याही विषयावर ते त्याआधी झालं नव्हतं.

निरोपसमारंभ थाटात झाला. प्रत्येकाने अण्णांवर कविता आणली होती. वकीलसाहेबांच्या कवितेत, अण्णा गेल्यावर वकीलसाहेबांना किती एकटं वाटेल, हे होतं. मोघे मास्तरांच्या कवितेत मास्तरांना किती एकटं वाटेल, हे होतं. माझ्या कवितेत मीच दोन कडवी एकटा होतो. अण्णांनी सगळ्या ऐकल्या. शेवटी त्यांना दोन शब्द बोलायची विनंती झाली. अण्णा उभे राहिले. त्यांना उभं राहून बोलायची सवय नव्हती.

"मी काय बोलणार?" ते म्हणाले. "खरं सांगायचं तर मला तिथे जायची..."

एवढं बोलून ते थांबले. तेवढ्यात वकीलसाहेब हार घेऊन पुढे झाले. "अण्णांना भावना अनावर झाल्या आहेत! त्यांच्या वतीने मीच आभार मानतो." टाळ्या झाल्या. खालून पोहे आणि जलेबी आली. आम्ही सगळे पोह्यांकडे वळलो. त्या खोलीत 'मग?' विचारणारा एकच माणूस होता, आणि तो हार घालून उभा होता.

त्यानंतर मंडळ काही महिने तगलं. कविता संपली की 'वाहवा' व्हायची. मग सगळे नकळत अण्णांच्या भिंतीकडे बघायचे. वकीलसाहेबांनी ठराव मांडला की दर रविवारी एका सभासदाने कविता न वाचता फक्त ऐकावं. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. ज्याची पाळी येई त्याला नेमका त्या रविवारी ताप येई. शेवटी वकीलसाहेबांनी खोली शिंप्याला भाड्याने दिली. आता तिथे निदान कपड्यांची मापं तरी बरोबर घेतली जायची.

बी.ए.चा निकाल लागल्यावर मास्तरकीच्या मुलाखतीसाठी मी भोपाळला गेलो. खिशात प्रमाणपत्र होतं आणि नवी कविता होती. खरं सांगायचं तर मुलाखत निमित्त होती; कविता ऐकवायला माणूस हवा होता.

अण्णांचं दफ्तर शोधून काढलं. एका मोठ्या खोलीच्या कोपऱ्यात ते बसले होते. समोर टेबल होतं, टेबलावर काही नव्हतं. मला बघताच ते झटकन उठले आणि मला बाहेर लिंबाखालच्या बाकावर घेऊन आले. "काय कवी! बी.ए. झालास ना? बाबा खूश? आण, काय आणलंयस ते आण."

माझा हात खिशात गेलाही होता. पण ते पाय खाली सोडून बाकाच्या कडेवर बसले होते, गाडी चुकेल या भीतीने फलाटावर माणूस बसतो तसे. अण्णांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुमचं कसं चाललंय अण्णा?"

"मजेत."

लिंबावर कावळे ओरडत होते. तिकडे बघत अण्णा आपण होऊनच म्हणाले, "फायली आल्या नाहीत अजून. जुन्या फायलींचा माणूस म्हणून मला इथे आणलं, पण फायली उज्जैनलाच पडल्यात. म्हणजे मी आहे, टेबल आहे, काम नाही. साहेब भला आहे. म्हणतो, बड़े बाबू, आराम कीजिए। सकाळी डबा घेऊन येतो, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन घरी जातो. हिला सांगितलेलं नाही. ती विचारते, आज फार काम होतं का? मी म्हणतो, फार."

ते थांबले आणि हातातली चष्म्याची पेटी उघडमीट करत राहिले.

मी आता पदवीधर होतो. सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. फायली येतील, सरकारी कामाला वेळ लागतो, धीर धरा. रिकाम्या टेबलावर एक सुंदर उपमासुद्धा मला तिथल्या तिथे सुचली होती. मी खिशातून हात बाहेर काढला.

"मग?" मी विचारलं.

अण्णांनी चपला काढल्या, पाय वर घेतले, बाकावर नीट मांडी घातली, आणि पुढचं सांगायला लागले.