व्हेलनांच्या अंगणातली मोटार

आमच्या गावात कुणाला बेघर म्हणायची पद्धत नाही. माणूस मोटारीत झोपत असेल तर ‘सध्या फिरतीवर आहे’ म्हणायचं, त्याची गाडी समोरून आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख द्यायची आणि पुढे जायचं. नोरीन टलीला सगळं गाव असं बोट उचलून पुढे जात होतं. मला त्या बोटांचा संताप यायचा.

नोरीनचं आयुष्य मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांना रांधून घालण्यात गेलं. नवरा व्हेलनांच्या शेतावर कामाला होता आणि कामाबरोबरच दोघांना तिथलं पत्र्याचं घर मिळालं होतं. तो वारला, तसं घरही गेलं. रिकामी घरं गावात कमी नाहीत. शेजाऱ्यांची शेतं ज्यांनी विकत घेतली, त्यांना घरंही आपसूक मिळाली. ती पडून आहेत. भाड्याला मात्र एकही नाही.

तिने डार्सी व्हेलनकडे आपलं जुनं घर मागितलं. हा डार्सी लहानपणी तिच्याच हातचं मटण खाऊन वाढलेला. माणूस वाईट नाही, हीच पंचाईत. भाड्याने द्यायचं तर कायद्याप्रमाणे छप्पर, वायरिंग, न्हाणीघर सगळं नव्याने करावं लागेल आणि ते परवडणार नाही, असं तो म्हणाला. तेव्हा त्या घरात भरून ठेवलेले गवताचे गठ्ठे तसेच राहिले. त्या घराच्या अंगणात हवे तितके दिवस गाडी लाव, असं मात्र त्याने मनापासून सांगितलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून विजेची वायरही ओढून दिली. अशी नोरीन स्वतःच्याच स्वयंपाकघराबाहेर मोटारीत झोपू लागली.

माझं दुकान आहे. पाव पोचवायच्या निमित्ताने मी तिच्याकडे जायची. हिवाळ्यात काचा आतून ओल्या झालेल्या असायच्या आणि ती त्या पुसत बसलेली. मी निघाले की ती काहीतरी नवा विषय काढायची. मेंढ्या, हवा, कुणाचं तरी बाळंतपण, काहीही. मला ते कळायचं आणि तरी मला निघावं लागायचं.

मग आशा लागली. बंद पडलेल्या दवाखान्यामागे सरकारने बेघर म्हाताऱ्यांसाठी खोल्या दुरुस्त केल्या. शेवटची एक उरली होती. नोरीनने खिडकीतून डोकावून पाहिली आणि पलंग कुठे ठेवायचा तेही ठरवून टाकलं. खोल्या वाटणारी सरकारी बाई फक्त जागामालकाकडे चौकशी करून कळवणार होती.

त्या दिवशी मी तिथेच होते. डार्सी खुशीत आला.

“नोरीन, त्या बाईचा फोन आला होता. तू बेघर आहेस का म्हणून विचारत होती. चांगली झापली मी तिला. म्हटलं, नोरीन टली आमची आहे, आमच्याच घरी राहते. असलं बोलणं मी ऐकून घ्यायचो नाही.”

“मग ती काय म्हणाली?”

“माफी मागितली बिचारीने. म्हणाली, मग ती खोली दुसऱ्या कुणाला तरी देऊ.”

नोरीनने हातातलं फडकं पिळलं. तिचा चेहरा बघवत नव्हता.

“माझी अब्रू राखलीस, डार्सी,” ती म्हणाली. “आता एवढंच सांग, तुमच्या घरात मी कुठल्या खोलीत राहते?”

डार्सीने टोपी काढली. मी पाव तसाच हातात धरून उभी होते.